अवतार, दुसरा सीझन: वीस भागांची क्रमवारी, तळापासून वरपर्यंत

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’चा दुसरा सीझन, म्हणजे ‘बुक टू: अर्थ’, निकेलोडियनवर 17 मार्च 2006 ला सुरू झाला आणि 1 डिसेंबर 2006 ला संपला. वीस भाग, प्रत्येक साधारण 23 मिनिटांचा. या जगात माती, पाणी, अग्नी आणि वायू ही तत्त्वं हाताळणारे ‘बेंडर’ आहेत (अर्थबेंडर, वॉटरबेंडर, फायरबेंडर, एअरबेंडर). चारही तत्त्वं हाताळू शकणारा एकच, तो अवतार, मेला की पुन्हा जन्म घेणारा. सध्याचा अवतार म्हणजे एअरबेंडर मुलगा आंग. युद्ध पुकारलेल्या फायर नेशनविरुद्ध तो लढतोय, सोबत वॉटरबेंडर कटारा, तिचा भाऊ सोका, आंधळी अर्थबेंडर टॉफ आणि उडता बायसन आप्पा. समोर फायर नेशनचा हाकलून दिलेला राजपुत्र झुको, त्याचा काका आयरो आणि बहीण अझुला. खाली या वीसही भागांची क्रमवारी आहे. कथा पूर्ण उघड करून लिहिलंय, तेव्हा ज्यांनी सीझन पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मग इथे यावं.

वीस भागांचे मिळून 460 मिनिटं होतात, म्हणजे सात तास चाळीस मिनिटं. एका दमात पाहून क्रमवारी लावू नये. बाराव्या-तेराव्या भागापासून डोळे थकतात आणि विनोदी भागांना विनाकारण कमी गुण पडतात. चार भागांची एक बैठक धरली की दीड तासात आटोपते. पाच दिवसांचा गणपती असलेल्या घरात तर हिशेब आपोआप जमतो. मूळ घरी सगळी भावंडं जमलेली असतात, दुपारचं जेवण झालं की संध्याकाळच्या आरतीपर्यंत चार भाग, पाचव्या दिवशी विसर्जनाआधी वीस पूर्ण. पावसाळ्यात पाहत असाल तर कान झाकणारा हेडफोन घ्या. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की जेरेमी झुकरमनचं हळू वाजणारं संगीत सगळ्यात आधी हरवतं, आणि या सीझनचे दोन-तीन उत्तम प्रसंग त्या संगीतावरच उभे आहेत. शेवटचे सात-आठ भाग बरेचसे रात्री, तळघरात किंवा हिरव्या अंधारात घडतात, तेव्हा खिडकीचा पडदा ओढून घ्या.

गुण देण्याची रीत अशी. शंभरांपैकी चाळीस गुण भाग स्वतःच्या पायावर किती उभा आहे याला. मागचापुढचा एकही भाग न पाहिलेल्या माणसाला शेजारी बसवलं तर तो 23 मिनिटं जागचा हलणार नाही का, हा इथला प्रश्न. पंचवीस गुण व्यक्तिरेखेला, म्हणजे भागाच्या सुरुवातीला जो माणूस होता तो शेवटी तसाच राहिला की बदलला. वीस गुण चित्रण आणि लढतीला. उरलेले पंधरा सीझनच्या कथेसाठी त्या भागाने उचललेल्या ओझ्याला. नेटवरच्या बहुतेक याद्यांत हे शेवटचं खातंच सगळं गिळून टाकतं. जिथे मोठी घटना घडली तो भाग वर, असा सरळ हिशेब. गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला वर्षानुवर्षं जाणारा प्रेक्षक असा हिशेब कधी करत नाही. तिसऱ्या अंकात कोण मेलं यावर तो नाटक तोलत नाही, रंगमंचावर माणूस उभा राहिला का ते बघतो. आम्हीही तेच केलं. म्हणून आमचा पहिला क्रमांक शेवटच्या भागाला गेलेला नाही.

आणखी एक. पहिल्या बैठकीतल्या चार भागांना दिलेले गुण शेवटी पुन्हा तपासायचे. सुरुवातीला हात एकतर फार सैल असतो नाहीतर फार आखडलेला, कारण तुलनेला समोर काहीच नसतं. ‘द सर्पंट्स पास’ आणि ‘द ड्रिल’ 15 सप्टेंबर 2006 ला एकत्र दाखवले गेले, पण गुण वेगवेगळे द्यावेत. जोडीतल्या बऱ्या भागाच्या आडोशाने कच्चा भाग पार होऊन जातो.

आता तळापासून.

विसाव्या क्रमांकावर ‘अवतार डे’. गोव्यातल्या प्रेक्षकाला या भागाची सुरुवात ओळखीची वाटेल. गावात मोठा उत्सव, चौकात क्योशी, रोकू आणि आंग या तिन्ही अवतारांचे उंचच उंच पुतळे, आणि मग त्यांना आग. दिवाळीच्या पहाटे आपल्याकडे नरकासुर जाळतात तसंच, फक्त इथे जळतोय तो नायक. कल्पना जबरदस्त आहे. ज्याला सगळं जग तारणहार मानतं त्याला एक गाव राक्षस का समजतं, यावर उत्तम भाग झाला असता. पण पुढे तो खटला, सोकाची गुप्तहेरगिरी आणि शिक्षेचं फिरतं चाक यांत विरून जातो. शेवटी क्योशी स्वतः प्रकट होऊन कबुली देते, तिथे तर सोकाने गोळा केलेला सगळा पुरावाच निरर्थक ठरतो. वीस मिनिटं तपास आणि निकाल लागतो तपासाच्या बाहेरून.

एकोणिसावा ‘द सर्पंट्स पास’. पहिल्या सीझनमधल्या सुकीचं परत येणं चांगलं आहे, पण समुद्रसर्पाची लढत, बाळाचा जन्म आणि आप्पाच्या विरहाने गोठलेला आंग हे तीन वेगळे भाग एकात कोंबले आहेत. अठरावा ‘द अवतार स्टेट’. जनरल फाँग आंगला भडकवून त्याची शक्ती जागी करू पाहतो, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि मग तेच ताणलं जातं. तरी दोन गोष्टींमुळे हा भाग तळाला गेला नाही. अवतार अवस्थेत, म्हणजे आधीच्या सगळ्या अवतारांची शक्ती अंगात एकवटलेली असताना, आंग मारला गेला तर पुनर्जन्मांची साखळीच तुटेल, हा नियम आंगआधीचा अवतार रोकू इथे सांगतो आणि सीझनच्या शेवटच्या भागाचा सगळा धसका याच नियमावर उभा आहे. दुसरी गोष्ट अझुला. विजेचा सराव संपतो, दोन्ही वृद्ध सल्लागार तिला जवळजवळ निर्दोष म्हणून वाखाणतात, आणि तिच्या कपाळावर केसाची एकच बट निसटलेली असते. ती बट तिला सहन होत नाही. तिसऱ्या सीझनच्या शेवटी ती कुठे पोचते ते आठवून हा प्रसंग पुन्हा पाहावा.

सतराव्या ‘द स्वाँप’मधली मूळ कल्पना, की पूर्ण दलदल म्हणजे एकच झाड, मुळांनी सगळीकडे पसरलेलं, वडाच्या पारंब्या बघत वाढलेल्यांना कुणी समजावून सांगायला नको. पण तिथवर पोचेपर्यंत नुसतं भटकणं फार होतं. सोळावा ‘रिटर्न टू ओमाशू’, त्यात आंगचा जुना मित्र राजा बूमीने सांगितलेलं थांबून ऐकण्याचं आणि योग्य क्षणाची वाट पाहण्याचं तत्त्व तेवढं लक्षात राहतं. पंधरावा ‘द केव्ह ऑफ टू लव्हर्स’. गुहेतलं गाणं चाहत्यांच्या जिभेवर आहे, आणि त्या एका गाण्यावर हा भाग अनेक याद्यांत पहिल्या दहात जाऊन बसतो. आमच्या रीतीत गाण्याला तेवढे गुण निघत नाहीत.

चौदावा ‘द डेझर्ट’, तेरावा ‘द अर्थ किंग’. ‘डेझर्ट’मध्ये सगळे कोसळलेले असताना एकटी कटारा चालत राहते. आंग रागात, टॉफ वाळूत खऱ्या अर्थाने आंधळी झालेली, सोका निवडुंगाचा रस पिऊन बरळतोय, आणि पाणी वाटून द्यायचं, दिशा धरायची, रडणाऱ्याला कवेत घ्यायचं हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. घरातली थोरली बहीण कशी असते ते इथे दिसतं. पण मधली वाळवंटातली चाल लांबते.

बाराव्या ‘द ड्रिल’बद्दल जरा सांगायला हवं. बा सिंग से शहराची बाहेरची भिंत पोखरायला फायर नेशन एक राक्षसी यंत्र आणतं. ते थांबवायचं कसं, याची रीत इतकी नीट आखलेली आहे की यंत्रकामाची जाण असलेल्याला पाहताना समाधान वाटतं. यंत्राच्या आतले आधाराचे खांब पाण्याने कापायचे असं आधी ठरतं. एक खांब कापण्यातच आंग आणि कटारा यांची दमछाक होते, आणि तो कापून होतो तरी यंत्राला काही होत नाही. मग आंगला टॉफची शिकवण आठवते, की सगळी ताकद एकाच घावात ओतायची नाही. प्रतिस्पर्ध्याचे आधार एकेक करून ढिले करायचे आणि तो डगमगला की शेवटचा घाव घालायचा, मग त्याचंच वजन त्याला खाली आणतं. म्हणून खांब आरपार न कापता अर्धवट कापून ठेवतात आणि वरून एकच जबर धक्का देतात. टॉफकडून शिकलेला धडा इथे पोलादावर वापरला जातो. या भागाच्या दिग्दर्शनासाठी जियानकार्लो व्होल्पे यांना ॲनी पुरस्कार मिळाला, आणि तो रास्त होता. तरीही बारावा, कारण माणसं या भागात फार थोडी बदलतात.

अकरावा ‘द ब्लाइंड बँडिट’, टॉफचं आगमन. कुस्तीच्या आखाड्यात सहा-सात धिप्पाड मल्ल आणि त्यांच्यासमोर एक आंधळी मुलगी. तिच्या हालचाली बघताना एक तपशील पकडा. बाकीचे अर्थबेंडर हुंग गार या चिनी युद्धकलेवर बेतलेले आहेत, रुंद पवित्रा आणि जड पाऊल. टॉफची शैली वेगळी आहे, दक्षिणी प्रेइंग मँटिस. पाय जमिनीला चिकटून, हात आखूड आणि झटपट. ती पायांनी जमिनीतली थरथर ऐकते, त्यामुळे पाय उगाच उचलत नाही. पात्राचं आंधळेपण असं तिच्या पवित्र्यात उतरवणं, हे काम कागदावर कितीही लिहून होत नाही, चित्रकारालाच करावं लागतं.

दहावा ‘द गुरू’, आणि इथे मराठी वाचकाला जास्त वेळ थांबायला हरकत नाही.

पूर्वेकडच्या एअर टेंपलमध्ये गुरू पथिक आंगची सात चक्रं उघडतात. क्रम असा: कण्याच्या तळाशी पृथ्वी, मग जल, मग पोटात अग्नी, हृदयात वायू, कंठात ध्वनी, कपाळावर प्रकाश आणि टाळूवर विचार. यावर आपलीच नावं ठेवून बघा. मूलाधार पृथ्वीचं, स्वाधिष्ठान जलाचं, मणिपूर अग्नीचं, अनाहत वायूचं. चारही जागा बरोबर बसतात. पाचवं विशुद्ध आपल्याकडे आकाशतत्त्वाचं. मालिकेच्या जगात पाचवं तत्त्वच नाही, तेव्हा इथे घोळ व्हायला हवा होता. पण लिहिणाऱ्यांनी कंठाला ध्वनी दिला, आणि आकाशाचा गुण शब्द, हे आपल्याकडे सांख्यांपासून सांगत आलेत. चार तत्त्वांच्या जगातही पाचवं चक्र आपल्या परंपरेशी जुळून राहतं. वर आज्ञा आणि सहस्रार. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं कुंडलिनीचं वर्णन ज्यांच्या कानावरून गेलंय त्यांना या भागात परकं असं काही वाटणार नाही.

प्रत्येक चक्राला अडवणारी एकेक भावना मात्र मालिकेची स्वतःची मांडणी आहे. भीती, अपराधभाव, लाज, शोक, खोटेपणा, भ्रम आणि शेवटी आसक्ती. शोकाचं चक्र उघडताना आंगला आपले मारले गेलेले एअर नोमॅड दिसतात, आणि त्यांचं प्रेम नाहीसं झालं नाही, नव्या रूपात परत आलं, असं पथिक सांगतात तेव्हा ढगात कटाराचा चेहरा उमटतो. हीच कटारा सातव्या चक्राला आडवी येणार आहे. एकाच माणसाने शोक सुटतो आणि त्याच माणसाने मुक्ती अडते. ही गाठ या भागाची सगळ्यात सुंदर गोष्ट.

आणि मग सहाव्या चक्राशी जोडलेला तो तुकडा. पथिक भ्रमाबद्दल बोलत असतात: ज्या गोष्टी आपण वेगळ्या समजतो त्या मुळात एकच असतात, धातूसुद्धा शुद्ध केलेली मातीच. त्याच क्षणी पडद्यावर टॉफ येते, लोखंडी पेटीत कोंडलेली. ती तळवा पत्र्यावर टेकवते, त्यातले मातीचे कण तिला जाणवतात आणि ती लोखंड वाकवते. पथिकांचा आवाज तिला ऐकू येत नाही, ती हे एकटीने शोधून काढते. एकाने गुरूकडून ऐकलेलं ज्ञान आणि दुसरीने हाताने कमावलेलं, दोन्ही एका ओळीत.

इतकं असूनही दहावा, कारण सहा चक्रं एकामागून एक, प्रत्येकी दीड-दोन मिनिटांत उरकली जातात. आख्यानकाराने सगळा उत्तररंग घाईत सांगून टाकावा तसं होतं. याला दोन भाग मिळायला हवे होते.

नववा ‘आप्पाज लॉस्ट डेज’. पूर्ण भाग एका उडत्या बायसनच्या नजरेतून, आणि त्याचं मन कळायला त्याच्या तोंडी एक शब्दही घालावा लागला नाही. सर्कशीत चाबूक, साखळ्या, खाणं दाखवून हिसकावून घेणं. लहान मुलांसोबत पाहत असाल तर हा मधला तुकडा त्यांना जड जातो, आधी सांगून ठेवा. प्राण्यांच्या चांगल्या चित्रणासाठी दिला जाणारा जेनेसिस पुरस्कार या भागाला मिळाला. आठवा ‘सिटी ऑफ वॉल्स अँड सीक्रेट्स’. शत्रू भिंतीबाहेर नसून आत, आणि तो हसतमुख बाईच्या रूपात गाव दाखवत फिरतोय, ही दहशत मुलांच्या मालिकेत क्वचितच इतक्या शांतपणे उभी राहते. जू डी नावाच्या या बाईचं हसू सहसा ढळत नाही. मग शेवटी दुसरीच बाई येते, तेच नाव सांगते आणि तसंच हसते.

सातवा ‘द लायब्ररी’. वाळूत बुडालेलं ग्रंथालय, त्याचा रखवाला वान शी टाँग नावाचं प्रचंड घुबड, आणि माणसांना त्याने घातलेली अट, ज्ञान कुणाचं नुकसान करण्यासाठी वापरायचं नाही. सोका आणि मंडळी ही अट मोडतात. सूर्यग्रहणाचा दिवस शोधतात तो युद्धासाठीच. म्हणजे घुबड रागावतं ते चुकीचं नाही, आणि सोकाचंही चूक म्हणवत नाही. भाग याचा निवाडा करत बसत नाही. बाहेर टॉफ एकटी बुडणारं ग्रंथालय दोन्ही हातांनी धरून ठेवते आहे, आणि तेवढ्यात मागून सँडबेंडर आप्पाला बांधून नेतात. ग्रंथालय सोडलं तर आत मित्र गाडले जातील, धरून ठेवलं तर आप्पा जाईल. या 23 मिनिटांत कुणाचीही सुटका न करणारा पेच एवढाच, पण तो पुरतो.

सहावा ‘लेक लाओगाई’. आप्पा कैदेत आहे, झुको त्याला पकडून नेऊ शकतो आणि आयरो त्याला कडक शब्दांत विचारतो की तू कोण, तुला नेमकं काय हवंय. आयरोचा आवाज सहसा चढत नाही, म्हणून तो इथे लागतो. झुको आप्पाला सोडतो. या भागातल्या कामासाठी सँग-जिन किम यांना 2007 मध्ये एमी मिळाला. कमी पडतं ते बंडखोर तरुण जेटच्या बाबतीत. त्याचा शेवट इतका अर्धवट दाखवलाय की तो मेला की नाही यावर चाहते आजही वाद घालतात.

पाचवा ‘बिटर वर्क’. दोन शाळा शेजारी शेजारी चालतात. एकीकडे टॉफ आंगला अर्थबेंडिंग शिकवते. एअरबेंडरचा स्वभाव बाजूला होण्याचा, आणि अंगावर येणाऱ्या धोंड्यासमोर मात्र उभंच राहावं लागतं, म्हणून त्याला जमत नाही. दुसरीकडे आयरो झुकोला वीज शिकवतो. वीज निर्माण करणं झुकोला जमत नाही, कारण त्यासाठी मन शांत लागतं. मग आयरो त्याला आपण स्वतः शोधलेली युक्ती देतो, वॉटरबेंडरांकडे पाहून सुचलेली: दुसऱ्याने सोडलेली वीज अंगातून वाहू देऊन बाहेर काढायची. मार्ग नेमका आहे. बोटांच्या टोकांतून आत, हातातून खांद्यापर्यंत, तिथून खाली पोटात, मग वर दुसऱ्या खांद्याकडे आणि दुसऱ्या हातातून बाहेर. पोटाचा हा वळसा टाळायचा नाही, कारण सरळ गेली तर वीज हृदयातून जाईल आणि तिथेच माणूस संपेल. भाग पाहताना स्वतः उठून हा हात फिरवून बघा, उजव्याकडून डावीकडे. खांद्यावर आला की हात आपोआप सरळ जायला बघतो, मुद्दाम खाली वळवावा लागतो. तालीम कशाची आहे ते तेव्हा कळतं.

चौथा ‘द चेस’. गोष्ट एका ओळीची, कुणालाही झोप मिळत नाही. आप्पाचे केस गळतायत, त्या केसांच्या मागावर अझुला येतेय, रात्रभर पळ काढावा लागतो. झोप नसली की माणसं कशी भांडतात ते इथे अचूक आहे. कटारा आणि टॉफ यांचं भांडण तंबू कुणी बांधायचा यावरून सुरू होतं आणि शेवटी टॉफ गट सोडून निघून जाते. शेवटी ओसाड गावात तिन्ही बाजू समोरासमोर, आणि बराच वेळ कुणी हलत नाही.

तिसरा ‘द टेल्स ऑफ बा सिंग से’. सहा छोट्या गोष्टी, युद्ध नाही, शत्रू नाही. सोकाची गोष्ट हायकूच्या सवाल-जवाबाची, पाच-सात-पाच अक्षरांच्या बंधनात, आणि शेवटच्या ओळीत त्याचं एक अक्षर जास्त होतं म्हणून त्याला बाहेर फेकतात. भजन स्पर्धेत एका मात्रेने चुकलेल्याला काय वाटतं हे माहीत असलेल्यांना हे पटेल. आयरोची गोष्ट मात्र सगळ्यांच्या मनात राहते. दिवसभर तो रस्त्यात भेटेल त्याला मदत करतो. रडणाऱ्या मुलाला गाणं म्हणतो, चोराला पवित्रा सुधारून देतो आणि चहा पाजतो. संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली रुमाल अंथरतो, वर मुलाचं, लू टेनचं, चित्र ठेवतो आणि तेच गाणं पुन्हा म्हणतो. सकाळी गायलेलं गाणं आणि संध्याकाळचं गाणं एकच, पण या वेळी आवाज मध्येच फुटतो. आयरोला आवाज देणारे माको 21 जुलै 2006 ला गेले. हा भाग 29 सप्टेंबरला दाखवला गेला आणि ही गोष्ट त्यांना अर्पण केली आहे. गुण देताना आम्ही ही अर्पणपत्रिका बाजूला ठेवून पाहिलं. तरीही भाग तिसऱ्यावरच राहिला. सहांपैकी आंगची प्राणिसंग्रहालयाची गोष्ट तेवढी कच्ची आहे.

दुसरा ‘द क्रॉसरोड्स ऑफ डेस्टिनी’. अझुला बा सिंग सेचा कारभार आडून चालवणाऱ्या लाँग फेंगचं सैन्य त्याच्याच हातातून काढून घेते, स्फटिकांच्या गुहेत कटारा झुकोच्या व्रणावर हात ठेवते, आणि काही मिनिटांतच झुको बहिणीच्या बाजूने उभा राहतो. याचं स्पष्टीकरण कुणी देत नाही. आंग शेवटी आसक्ती सोडून अवतार अवस्थेत वर उचलला जातो, आणि ते पूर्ण होण्याआधीच अझुलाची वीज त्याच्या पाठीत बसते. ‘द अवतार स्टेट’मध्ये रोकूने सांगितलेला नियम इथे खरा होता होता राहतो. कटारा उत्तर ध्रुवावरून आणलेल्या पाण्याने त्याला परत आणते. सीझन हरून संपतो. गुण कुठे कापले? स्वतःच्या पायावरच्या चाळिसांत. आधीचे भाग काढून घेतले तर या भागाला आपल्या बळावर फार कमी उरतं.

पहिला ‘झुको अलोन’. 12 मे 2006, सातवा भाग. लेखन एलिझाबेथ वेल्च एहाझ, दिग्दर्शन लॉरेन मॅकमुलन. आंग आणि मंडळी यात नाहीतच.

उपाशी झुको वाळक्या मैदानातून एकटा चाललाय. एका कुटुंबाची चूल दिसते, मांस भाजलं जातंय. त्याचा हात तलवारीवर जातो. मग त्याला दिसतं की शेजारी बसलेली बाई गरोदर आहे. हात तलवारीवरून निघतो आणि तो पुढे जातो. एकही शब्द नाही. ज्याने हा भाग पहिल्यांदा पाहायला घेतलाय त्यालाही या अर्ध्या मिनिटात कळतं की हा माणूस कोण आहे. चाळीसपैकी चाळीस गुण इथेच निघतात.

पुढे ली नावाच्या मुलाचं घर. झुको छपरावर खिळे ठोकतो, हातोडी अंगठ्यावर मारून घेतो. ली त्याच्या व्रणाबद्दल विचारायला जातो, तेव्हा बाप मुलाला गप्प करतो की माणसाचा भूतकाळ त्याचा स्वतःचा असतो. रात्री ली झुकोच्या जुळ्या तलवारी घेऊन चुकीच्या फिरवतो, आणि झुको रागावण्याऐवजी त्याला शिकवतो की या दोन तलवारी नाहीत, एकाच शस्त्राचे दोन भाग आहेत. अधूनमधून बालपण येतं. आई, तळ्यातली कासव-बदकं, पिल्लाला पाव फेकून मारणारा छोटा झुको आणि त्याच्या पायाला चावणारी बदकाची आई.

आता खंजीर बघा, कारण पूर्ण भाग त्यात आहे. आयरोने तो बा सिंग सेच्या वेढ्यातून पुतण्याला पाठवलेला, शरण आलेल्या अर्थ किंगडमच्या सेनापतीकडून मिळालेला. पात्याच्या एका बाजूला कोरलंय की झुंज दिल्याशिवाय हार मानू नकोस. लहानपणी झुको हे अभिमानाने वाचतो. मोठेपणी तो खंजीर लीला देतो, तेव्हा ली दुसरी बाजू वाचतो: अर्थ किंगडममध्ये घडवलेला. झुको त्याला ती बाजू सोडून पहिली वाचायला सांगतो. तीच वस्तू, तेच शब्द, पण ती मुळात ज्यांची होती त्या लोकांच्याच हातात ती परत गेलेली आहे आणि देणाऱ्याला ते सांगायची सोय नाही.

मग गुंड शिपाई लीला पकडून खांबाला बांधतात. झुको तलवारींनी लढतो, पडतो, आईची आठवण येते आणि तो उठतो तो आग घेऊन. स्वतःचं नाव सांगतो, आईबापाचं सांगतो, राजपुत्र म्हणून सांगतो. गावकऱ्यांच्या चेहऱ्यावरची कृतज्ञता तिथल्या तिथे पुसली जाते. एक म्हातारा ओरडतो की बापाने जाळून हाकलून दिलेला तू, राजपुत्र कसला. जमिनीवर पडलेला खंजीर झुको उचलतो आणि लीपुढे धरतो. ली तो घेत नाही. झुको हात मागे घेतो, आपल्या स्वारीच्या पक्ष्यावर बसतो आणि गावाबाहेर पडतो. खंजीर त्याच्याकडेच राहतो.